वसुधारा: माणा गावापुढचा हिमजलाचा धबधबा, कधी आणि कसा पाहावा

गिरिजल

बदरीनाथाचे दर्शन घ्यायचे, माणा गावात जाऊन व्यासगुहा पाहायची, भीमपुलावर उभे राहून सरस्वतीचा कानठळ्या बसवणारा आवाज ऐकायचा आणि जेवणाच्या वेळेला परतायचे, असा आपल्याकडच्या बहुतेक यात्रेकरूंचा तेथला दिवस ठरलेला असतो. त्या पुलापलीकडे साधारण पाच किलोमीटरांवर वसुधारा आहे. सुमारे ४०० फुटांच्या कड्यावरून पडणारे तिचे पाणी खाली अलकनंदेला मिळते, आणि ज्या जागी आपण मान वर करून उभे असतो त्या जागेची उंचीच सुमारे १२,००० फूट असते. मी आजवर तीन वेळा तेथे गेलो आहे. एकदा मे महिन्याच्या अखेरीस, एकदा जूनच्या मध्यावर आणि एकदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तिन्ही वेळा मला निराळाच धबधबा दिसला. असे का झाले हे नीट समजल्यावर तेथे कधी जावे, किती वाजता निघावे आणि सोबत काय न्यावे या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळत गेली. म्हणून जाण्याच्या तपशिलाआधी त्या पाण्याबद्दल लिहितो.

आपली नजर सह्याद्रीतल्या धबधब्यांना सरावलेली असते. पाऊस पडला की धबधबा आणि पाऊस थांबला की कोरडा कातळ, हे गणित आपल्या मनात इतके पक्के बसलेले असते की वसुधारेलाही आपण तेच लावतो. तिचा पाऊस मात्र हिवाळ्यातच पडून गेलेला असतो. साधारण डिसेंबर ते मार्च या काळात पश्चिमेकडून येणारी वादळे त्या कड्यांवर बर्फ टाकून जातात, आणि उन्हाळ्यात ऊन ते बर्फ सोडवून खाली आणते. ऊन पडले की लगेच पाणी आले, असेही होत नाही. रात्री गोठलेला थर आधी शून्य अंशापर्यंत तापावा लागतो, मग तो आतून ओला व्हावा लागतो, आणि त्यानंतर वितळलेले पाणी बर्फातून झिरपत खडकापर्यंत व खडकावरून कड्याच्या ओठापर्यंत येते. या प्रवासाला काही तास लागतात. त्यामुळे सकाळी धार बारीक असते, दुपार कलताना ती भरते आणि रात्री पुन्हा आटत जाते. जूनमधल्या फेरीत मी साडेआठ वाजता पोहोचलो होतो व बारापर्यंत तेथेच बसून होतो. सकाळी ज्या काळ्या खडकावर केवळ ओल दिसत होती, त्याच खडकावरून निघायच्या वेळी दोन बोटे जाडीचे पाणी सरकत होते.

मेच्या अखेरीस मला सलग दोन दिवस ढगाळ हवा मिळाली आणि धबधबा रोडावलेला दिसला. ढग आले की पाणी कमी होते, ही गोष्ट तोवर माझ्या कल्पनेतही आली नव्हती.

आता जाण्याविषयी. रेल्वेने हरिद्वार किंवा ऋषिकेश गाठावे. विमानाने येणाऱ्यांना डेहराडूनचा जॉली ग्रँट विमानतळ जवळ पडतो. ऋषिकेश ते बदरीनाथ हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग आणि विष्णुप्रयाग हे पाचही संगम याच रस्त्यावर लागतात. देवप्रयागपासून पुढे आपण सतत अलकनंदेच्या उलट दिशेने चढत असतो. प्रत्येक संगमावर एक नदी मागे राहते आणि अलकनंदा जरा लहान होते. हे लक्षात ठेवून खिडकीबाहेर पाहत गेलात तर वसुधारेची वाट देवप्रयागलाच सुरू होते असे वाटेल.

हा प्रवास एका दिवसात करता येतो, पण करू नये. पिपलकोटीला किंवा जोशीमठला मुक्काम करावा. जोशीमठचे नाव २०२४ पासून अधिकृतरीत्या ज्योतिर्मठ झाले आहे, त्यामुळे पाट्यांवर दोन्ही नावे दिसू शकतात. त्या गावाची उंची १,९०० मीटरांच्या आसपास आहे आणि बदरीनाथची ३,१०० मीटरांच्या, म्हणजे अवघ्या दोन-तीन तासांत आपण १,२०० मीटर वर जातो. म्हणूनच बदरीनाथला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी वसुधारेला न जाता मधला एक दिवस दर्शन, माणा आणि भीमपूल यांना द्यावा व तिसऱ्या दिवशी पहाटे निघावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

चारधाम यात्रेसाठी उत्तराखंड सरकारकडे नावनोंदणी करणे बंधनकारक आहे. ती संकेतस्थळावर करता येते आणि हरिद्वार-ऋषिकेशलाही करता येते, पण गर्दीच्या दिवसांत तेथे रांगेत वेळ जातो, म्हणून घरूनच करून निघावे. सीमाभाग असल्याने आधार कार्डासारखे ओळखपत्र जवळ हवे.

बदरीनाथहून माणा गाव तीन-चार किलोमीटरांवर आहे आणि तेथवर वाहन जाते. गावाच्या वेशीवर पूर्वी 'भारतातील शेवटचे गाव' अशी पाटी होती. २०२३ मध्ये सीमा सडक संघटनेने तेथे 'भारतातील पहिले गाव' अशी नवी पाटी लावली. गावातल्या अरुंद फरसबंद गल्ल्यांतून, लोकर विणत बसलेल्या बायकांजवळून वर चढत भीमपुलाशी यायचे. पूल म्हणजे सरस्वतीच्या घळीवर आडवी पडलेली एक प्रचंड शिळा आहे. द्रौपदीला पलीकडे जाता यावे म्हणून भीमाने ती टाकली, असे सांगतात. पूल ओलांडला की वाट सरस्वतीला सोडून डावीकडे अलकनंदेच्या खोऱ्यात वळते, आणि तेथून पुढे दुकान, आडोसा, सावली यांपैकी काहीही गृहीत धरू नये.

वाट सापडायला अवघड नाही. बराच भाग दगडांनी बांधलेला आहे. सुरुवातीचा चढ अंगाला जाणवत नाही, शेवटचा टप्पा मात्र उभा आणि धोंड्यांचा आहे. सवयीच्या माणसाला जायला अडीच तास पुरतात. पहिल्यांदा इतक्या उंचीवर चालणाऱ्याने साडेतीन ते चार तास धरावेत. धबधबा दिसू लागल्यावरही तो पुष्कळ वेळ तेवढाच लांब राहतो. हवा स्वच्छ असल्यामुळे तेथे अंतराचा अंदाज चुकतो. 'आलेच आता' असे म्हणून वेग वाढवणारे याच टप्प्यावर दमतात.

आडवाट

अतिशय उपयुक्त माहिती दिलीत. आम्ही चौघे मेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात जाण्याच्या विचारात आहोत, कारण मुलांच्या सुट्ट्या तेव्हाच आहेत. त्या काळात वाटेवर बर्फ असते का, आणि असल्यास बर्फावर चालण्याचा सराव नसलेल्या माणसांनी जावे का?

गिरिजल

आडवाट, मेमध्ये वाटेवर बर्फ असण्याची शक्यता पुष्कळ असते. सपाट भागातले बर्फ मला चिंतेचे वाटत नाही. नाल्यांवरचे बर्फ मात्र वाटते. हिवाळ्यात कड्यांवरून कोसळलेले हिमकडे नाल्यांत साठून घट्ट होतात आणि मे महिन्यात वाट त्यांच्यावरूनच जाते. वरून पाहिले तर मळकट, टणक, पावलांनी तुडवलेले बर्फ दिसते. खालून मात्र नाल्याचे पाणी ते सतत पोखरत असते. माझ्या मेमधल्या फेरीत अशाच एका हिमपुलाच्या मधोमध मी सहज काठी टोचून पाहिली. पहिल्या वीतभर ती अडखळली आणि मग एकदम मुठीपर्यंत आत गेली. काठी काढल्यावर त्या भोकातून गार हवेचा झोत आला आणि खालून पाण्याचा आवाज आला. तो आवाज माझ्या पायांपासून फार तर पाच-सहा फुटांवर असावा. मी आल्या पावली मागे फिरलो व नाल्याच्या वरच्या बाजूने, जेथे बर्फ जाड होते तेथून, एका मेंढपाळाच्या पाठोपाठ पलीकडे गेलो.

त्या मेंढपाळाकडून जे शिकलो ते सांगतो. हिमपुलाचा मध्य आणि जेथे बर्फ खडकाला टेकते ती कड, या दोन जागा सर्वांत कमकुवत असतात. खडक उन्हाने तापतो आणि त्याच्या लगतचे बर्फ आतून सुटते. मध्यभागी खळगा पडलेला दिसला, किंवा बर्फाचा रंग करडा-निळा व पाणचट झालेला दिसला, की तेथे पाय ठेवू नये. एका वेळी एकानेच ओलांडावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जाताना आणि येताना असे सगळे पूल सकाळीच ओलांडून व्हावेत. पहाटे जे बर्फ दगडासारखे असते तेच दुपारी एक वाजता गुडघ्यापर्यंत खचते.

मुले बरोबर असतील तर मेच्या दुसऱ्या आठवड्याऐवजी शक्य तितके जूनकडे सरका. ते जमणार नसेल तर माणा गावातला वाटाड्या घ्या. त्या नाल्यांवर आज काय स्थिती आहे हे त्यांना ठाऊक असते.

शुश्रूषा

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे आणि वरच्या लेखातील मधल्या मोकळ्या दिवसाच्या सल्ल्याला पूर्ण पाठिंबा देते. १२,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला एक-दोन दिवस लागतात, आणि रोज व्यायाम करणाऱ्या धडधाकट तरुणालाही ही सवलत मिळत नाही. ३,००० मीटरांच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. बदरीनाथला थेट येणारा प्रत्येक जण नकळत या मर्यादेच्या काठावर उभा असतो.

डोकेदुखी, मळमळ, भूक नसणे, झोप न लागणे ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणे आहेत. ती असताना आणखी वर चढू नये. विश्रांतीनेही ती कमी झाली नाहीत तर खाली उतरावे. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालता न येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र असो वा दिवस, रुग्णाला ताबडतोब खाली न्यावे आणि सोय असेल तेथे प्राणवायू द्यावा. उंचीचा त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या काही जण प्रवासाआधी सुरू करतात. त्या स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, विशेषतः सल्फाच्या औषधांची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास. हृदयविकार, दमा किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

चांदणवाट

शुश्रूषाताईंनी लिहिलेले आमच्या घरात घडले आहे, म्हणून लिहिते. आम्ही एका प्रवासी संस्थेबरोबर गेलो होतो. त्यांच्या कार्यक्रमात हरिद्वारहून पहाटे निघून रात्री बदरीनाथ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधारा असे होते. माझ्या काकांचे डोके रात्रीपासून दुखत होते, पण सर्वांचा खोळंबा नको म्हणून ते बोलले नाहीत. भीमपुलाच्या पुढे अर्ध्या तासावर ते एका धोंड्यावर बसले आणि त्यांना उलट्या सुरू झाल्या. संस्थेचा माणूस म्हणत होता की थोडे बसले की बरे वाटेल, आता धबधबा जवळच आहे. सुदैवाने वाटेत भेटलेल्या एका जवानाने त्यांच्याकडे पाहिले आणि एकच वाक्य बोलला, "इन्हें नीचे ले जाइए।" आम्ही त्यांना माणा गावात आणले, तेथून गाडीने जोशीमठला. संध्याकाळी सातच्या सुमारास ते खुर्चीत बसून वरणभात मागत होते. इतक्या लवकर माणूस सुधारतो हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून पटत नाही. जे सोबत असतील त्यांनी डोकेदुखीची चौकशी स्वतःहून करावी. आपल्याकडची वडीलधारी मंडळी स्वतः होऊन सांगत नाहीत.

निर्झरा

मला एक वेगळी गोष्ट विचारायची आहे. पापी माणसाच्या अंगावर वसुधारेचे थेंब पडत नाहीत, असे सांगितले जाते. माझ्या सासूबाईंना तेथे जाण्याची फार इच्छा आहे, परंतु या समजुतीमुळे त्या मनातून घाबरल्या आहेत. आपल्या अंगावर पाणी पडले नाही तर काय, असे त्या दोनदा बोलून दाखवतात. त्यांना काय सांगावे?

गिरिजल

निर्झराताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझ्या आईची आठवण झाली, कारण जूनमधल्या फेरीत ती बरोबर होती आणि तिच्याही मनात हेच होते.

अष्टवसूंनी तेथे तप केले अशी श्रद्धा आहे आणि त्यावरूनच धबधब्याला नाव मिळाले. महाभारतात हेच आठ वसू वसिष्ठांच्या शापामुळे गंगेच्या पोटी जन्म घेतात आणि त्यांतला आठवा म्हणजे भीष्म. शाप मिळालेल्या वसूंच्या नावाने ओळखले जाणारे पाणी शापितांना दूर लोटील, असे मला तरी वाटत नाही.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. ४०० फुटांवरून पडणारी बारीक धार खालपर्यंत धार म्हणून येतच नाही. अर्ध्या वाटेत ती तुटते, थेंब होतात, थेंबांचे तुषार होतात आणि तुषार वाऱ्याच्या स्वाधीन होतात. हिमालयातल्या खोऱ्यांत दिवसा ऊन तापू लागले की वारा खालून वर वाहू लागतो आणि दुपारकडे तो जोर धरतो. त्या वाऱ्यात कड्यांच्या कोनाकोपऱ्यांमुळे भोवरे तयार होतात. म्हणून एकाच ठिकाणी उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एक भिजतो व दुसरा कोरडा राहतो, आणि पुढच्या क्षणी उलटे होते.

माझी आई पदर पसरून उभी होती. चेहरा वर, डोळे मिटलेले. पाच मिनिटे झाली, दहा झाली, तुषार आमच्या डावीकडून तिरके जात होते आणि तिच्या अंगावर काहीही येत नव्हते. तिचे ओठ घट्ट मिटले तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "आई, दहा पावले या बाजूला ये." ती म्हणाली, "नको, येथेच थांबते." आणि मग वारा पडला. सगळा तुषार एकाच वेळी सरळ खाली आला. तिच्या चष्म्यावर, कपाळावर, पदरावर इतके बारीक थेंब बसले की पदराची निळी किनार पांढुरकी दिसू लागली. ती काहीच बोलली नाही, पदराचे टोक पिळून तिने ते पाणी माझ्या डोक्याला लावले.

तुमच्या सासूबाईंना एवढेच सांगा की तेथे उभे राहायला भरपूर वेळ ठेवून जाऊ, वारा फिरेपर्यंत थांबू. कड्याच्या अगदी पायथ्याशी मात्र त्यांना नेऊ नका. वरचे बर्फ सुटते तेव्हा त्याच्याबरोबर दगडही येतात, आणि पाण्याच्या आवाजात ते ऐकू येत नाहीत. पायथ्याशी मे-जूनपर्यंत साचलेल्या बर्फाचा ढीग असतो, त्यावरही चढू नये. तुषार त्याच्या बरेच अलीकडे पोहोचतात.

डोंगरवेडा

चांगली चर्चा चालू आहे. पावसाळ्यात फुलांचा हंगाम असतो म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये फुलांची दरी आणि वसुधारा एकत्र करावी असा आमचा बेत आहे. दुसरे म्हणजे, हिवाळ्यात हा धबधबा पूर्ण गोठतो असे ऐकले. तो तसा पाहणे शक्य आहे का?

गिरिजल

गढवालमध्ये मोसमी पाऊस जूनच्या अखेरीस पोहोचतो. उंच रांगांच्या आत असल्यामुळे माणा परिसरात खालच्या भागाइतका पाऊस नसतो, त्यामुळे प्रश्न धबधब्यापाशी नसून रस्त्यावर आहे. पिपलकोटी आणि जोशीमठ यांच्या दरम्यानचा पागल नाला, पांडुकेश्वराच्या पुढचा लांबगडचा भाग या दरडींसाठी कुप्रसिद्ध असलेल्या जागा आहेत, आणि तेथे रस्ता काही तास ते काही दिवस बंद राहू शकतो. फुलांची दरी त्याच रस्त्यावरच्या गोविंदघाटाहून असल्याने दोन्ही एकत्र करता येतात, पण परतीच्या रेल्वेआधी किमान दोन दिवस मोकळे ठेवा. वरची फुले पाहून आनंद झाल्यावर खाली दरडीपाशी गाडीत रात्र काढावी लागली, असे पावसाळ्यात जाणाऱ्यांपैकी पुष्कळ जण सांगतात.

हिवाळ्याविषयी माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. बदरीनाथ मंदिराचे दरवाजे नोव्हेंबरमध्ये बंद होतात आणि साधारण एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये उघडतात. माणा गावचे रहिवासीही हिवाळ्यात चमोली-गोपेश्वर बाजूच्या खालच्या गावांत उतरतात. संपूर्ण खोरे बर्फाखाली असते आणि दोन्ही बाजूंचे उतार हिमस्खलनाचे आहेत. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या छावणीवर हिमकडा कोसळला, त्यात ५४ कामगार सापडले. ४६ जणांना वाचवता आले, ८ जण दगावले. ती त्याच भागात कामावर असलेली माणसे होती.

गोठलेल्या पाण्याची थोडी झलक हवी असेल तर ऑक्टोबरमध्ये जा. तेव्हा आकाश निवळलेले असते, नीलकंठ शिखर सकाळी सोन्यासारखे उजळते, वाटेवर गर्दी नसते. धार बारीक झालेली असते हे खरे, पण रात्री उडालेले तुषार कड्याला चिकटून गोठतात आणि सकाळी ऊन लागले की त्यांचे पापुद्रे सुटून खाली पडतात. काचेची थाळी दूर कोठेतरी फुटावी तसा आवाज येतो. मला स्वतःला तीन फेऱ्यांपैकी ही सर्वांत जवळची वाटते, जरी पाणी सर्वांत कमी होते तरी.

आडवाट

आम्ही मुलांच्या शाळेशी बोलून जूनचा पहिला आठवडा ठरवला आहे. छायाचित्रांसाठी इंद्रधनुष्य मिळावे अशी धाकट्याची इच्छा आहे. ते कोणत्या वेळी दिसते? तसेच तेथून पुढे सतोपंथपर्यंत जाता येईल का?

गिरिजल

इंद्रधनुष्यासाठी सूर्य पाठीशी आणि तुषार समोर हवेत. जूनमध्ये दुपारच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे कमान आकाशात न दिसता खाली, तुषारांच्या पायथ्याशी दिसते. मुले तिच्यासाठी वर पाहत राहतात आणि ती त्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर असते. सकाळी सूर्य जितका कलता असेल तितकी कमान वर चढते, पण त्या वेळी तुषार कमी असतात. नऊ ते अकरा ही वेळ दोन्ही दृष्टींनी बरी आहे. ड्रोन मात्र नेऊ नका, हा सीमाभाग आहे.

सतोपंथ ही वेगळी आणि अवघड वाट आहे. ते सरोवर सुमारे ४,६०० मीटरांवर आहे, तंबू आणि शिधा घेऊन काही दिवसांनी जावे लागते, जोशीमठहून परवानगी काढावी लागते आणि वाटाड्याशिवाय जाऊ नये. हल्ली पुष्कळ जण माणा गावाच्या समोरच्या काठाने, माता मूर्तीच्या मंदिराकडून जातात. लक्ष्मीवनातली भूर्जवृक्षांची झाडी तिकडे आहे आणि तेथून वसुधारा नदीपलीकडे समोर दिसते. मुलांना घेऊन त्या बाजूचा विचार करू नये.

चांदणवाट

सामानाविषयी कोणी लिहिलेले दिसत नाही. सकाळी निघताना थंडी, चालताना घाम आणि धबधब्यापाशी गार वारा अशा तीन ऋतूंची तयारी एकाच दिवसात लागते. सुती बनियन ओला झाला की अंगाला चिकटून थंडी भरते, म्हणून लवकर वाळणारे कपडे आणि वर वारा अडवणारे जाकीट घ्यावे. तुषारांत उभे राहायचे असेल तर एक कोरडा सदरा आणि पायमोजे पिशवीत वेगळे बांधून ठेवावेत. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना त्रास देते, तेव्हा गडद चष्मा हवाच.

गिरिजल

चांदणवाट यांनी लिहिलेल्यात एवढीच भर घालतो की माणशी दोन लिटर पाणी आणि दुपारपर्यंत पुरेल इतके खाणे माणा गावातूनच न्यावे. वाटेवरचे झरे स्वच्छ दिसतात, पण वरच्या उतारांवर शेळ्यामेंढ्या चरतात, त्यामुळे ते पाणी शुद्ध केल्याशिवाय मुलांना देऊ नये. खाऊची वेष्टने खिशात परत आणावीत. वसुधारेच्या पायथ्याशी पडलेले प्रत्येक प्लास्टिक पुढच्या वितळीत अलकनंदेत जाते, आणि देवप्रयागला आपण त्याच पाण्यात स्नान करतो.

निर्झरा

सासूबाईंना आपला प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला आणि मग विचारले की पाच किलोमीटर चालणे त्यांना जमेल का. वय ६८ आहे, रोज तासभर फिरतात, गुडघे थोडे दुखतात. आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा विचार करत आहोत. बदरीनाथला दोन रात्री ठेवल्या आहेत.

गिरिजल

सप्टेंबरचा शेवट उत्तम. रोज तासभर चालतात म्हणजे दम पुरेल. गुडघ्यांना त्रास उतरताना होईल, म्हणून दोन काठ्या घ्या आणि परतीला चढाइतकाच वेळ धरा. डॉक्टरांना दाखवून निघा. दोन रात्रींच्या तीन करा. पहिल्या दिवशी फक्त दर्शन, दुसऱ्या दिवशी त्यांना भीमपुलापर्यंत चालवून आणा आणि त्या रात्री त्यांना झोप कशी लागली ते सकाळी विचारा. झोप शांत लागली असेल, डोके हलके असेल, तर सहाला माणा गावातून चालायला लागा. वाटेत जेथे त्या थकतील तेथे बसा. धबधबा पहिल्यांदा दिसतो त्या वळणावरून परत फिरावे लागले तरी चालेल, हे आधीच घरी बोलून ठेवा, म्हणजे त्या वेळी कोणाला वाईट वाटणार नाही. साडेअकरापर्यंत जेथे असाल तेथून परतीला लागा. आणि धबधब्यापाशी पोहोचलात तर त्यांच्या चष्म्यासाठी एक कोरडा रुमाल जवळ ठेवा.